निम्मी चॅनेल गेली? शिडी लावण्याआधी निदान

टीव्हीवर निम्मी चॅनेल स्वच्छ दिसतात आणि उरलेल्या निम्म्यांवर 'सिग्नल नाही' अशी पाटी येते. ही तक्रार घरोघरची आहे आणि तिच्यावरचा घरगुती इलाजही ठरलेला आहे. एक जण गच्चीवर नाहीतर पत्र्यावर चढतो आणि डिश थोडी इकडे, थोडी तिकडे हलवतो. दुसरा टीव्हीसमोर उभा राहून ओरडत राहतो, "आलं... आलं... गेलं!" वरच्याचे सगळे लक्ष त्या ओरडण्याकडे असते, पायाखाली नसते.

सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात उंचीवरून पडलेले रुग्ण बाराही महिने येतात. कोणी नारळ काढताना पडलेला असतो, कोणी रंग देताना, कोणी टाकी धुताना आणि कोणी डिश फिरवताना. पहिल्या तिघांचे काम वरच असते, त्यांना चढावेच लागते. डिश फिरवणाऱ्याला मात्र पुष्कळदा वर चढण्याची गरजच नसते, कारण बिघाड खाली, टीव्हीच्या मागे किंवा वायरच्या एखाद्या जोडात असतो. निम्मी चॅनेल जाणे हे फार बोलके लक्षण आहे. रुग्णाची एकच बाजू लुळी पडली तर आम्ही साऱ्या अंगाला मलम लावत बसत नाही. मज्जासंस्थेत अडथळा नेमका कुठे आहे, ते आधी शोधतो. डिशच्या वायरिंगलाही हाच न्याय लावता येतो. त्यासाठी ती एक वायर काय काय करते, एवढे समजले की पुरे.

उभी लहर, आडवी लहर

एक लांब दोरी खिडकीला बांधा आणि दुसरे टोक हातात धरून वर-खाली झटका द्या. दोरीतून उभी लाट पळते. हात डावी-उजवीकडे हलवला तर आडवी लाट पळते. मध्ये उभ्या गजांची जाळी ठेवली तर उभी लाट गजांमधून पार होते, आडवी तिथेच अडते. रेडिओ लहरींचेही असेच असते. त्यांच्या कंपनाला दिशा असते. या गुणधर्माला ध्रुवीकरण म्हणतात, डिश बसवणारे तंत्रज्ञ त्याला 'पोलॅरिटी' म्हणतात.

हे ज्ञान आपल्या देशाला नवे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात अगदी आखूड रेडिओ लहरींवर प्रयोग केले. रेल्वेच्या वेळापत्रकाच्या जाडजूड पुस्तकात पानांआड कथलाचे पातळ पत्रे घालून त्यांनी लहरींची दिशा ओळखणारे साधन बनवले. पीळ दिलेल्या तागाच्या जुड्यांमधून लहरी जाऊ दिल्या तर त्यांच्या कंपनाची दिशा वळते, हेही त्यांनी १८९८ मध्ये दाखवून दिले. आज घरच्या डिशवर पडणारी लहर सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीची असते. बोस ज्या लहरी हाताळत होते, त्याच घराण्यातली.

उपग्रहांना या गुणधर्माचा मोठा फायदा होतो. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटरवर असलेल्या उपग्रहाच्या वाट्याला ठरावीक कंप्रतांचा पट्टा येतो. घरगुती डिशसाठी तो साधारण १०.७ ते १२.७५ गिगाहर्ट्झचा असतो. त्याच कंप्रतेवर एक कार्यक्रम उभ्या लहरीने आणि दुसरा आडव्या लहरीने पाठवला तर दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. तेवढ्याच जागेत दुप्पट चॅनेल बसतात. रस्ता तोच, पण दोन मजली.

एक वायर, तीन कामे

डिश म्हणजे नुसता आरसा. तो लहरी गोळा करून समोरच्या दांडीवर बसवलेल्या डबीत टाकतो. या डबीला एलएनबी म्हणतात. तिच्या तोंडाशी आत एकमेकींना काटकोनात बसवलेल्या दोन बारीक पिना असतात. एक उभी लहर टिपते, दुसरी आडवी. पूर्वीच्या मोठ्या डिशमध्ये एकच पिन असे आणि ती फिरवायला चिमुकली मोटर असे. उन्हापावसात फिरणारा भाग म्हटला की गंज आणि झीज आलीच. आता काहीच फिरत नाही, दोन्ही पिना कायम जागेवर असतात आणि निवड विजेच्या इशाऱ्याने होते.

एलएनबीतून घरात येणाऱ्या वायरकडे तीन कामे असतात. पहिले, सिग्नल खाली आणणे. ११-१२ गिगाहर्ट्झचा सिग्नल साध्या वायरमधून फार लांब टिकत नाही, म्हणून एलएनबी त्याची कंप्रता उतरवून ९५० ते २१५० मेगाहर्ट्झच्या दरम्यान आणते. दुसरे काम, त्याच वायरमधून एलएनबीला वीज पुरवणे. तिसरे काम हुकूम पोहोचवणे. आपण रिमोटवर चॅनेल बदलले की सेट टॉप बॉक्स ठरवतो, हे चॅनेल उभ्या लहरीवर आहे की आडव्या. उभ्यासाठी तो वायरवर १३ व्होल्ट सोडतो, आडव्यासाठी १८ व्होल्ट. एलएनबी तो दाब पाहून त्या-त्या पिनेचा सिग्नल खाली पाठवते. ढोबळमानाने १४ व्होल्टपर्यंतचा दाब 'उभे' समजला जातो आणि १६ च्या वरचा 'आडवे'. मधला पट्टा संदिग्ध असतो.

यावर आणखी एक इशारा असतो. बॉक्स त्याच वायरवर २२ किलोहर्ट्झची बारीक थरथर सोडतो. ज्या एलएनबी सगळा पट्टा पकडतात, त्यांना 'पट्ट्याचा वरचा अर्धा भाग दे' एवढे त्यावरून कळते. थरथर नसेल तर खालचा भाग. दोन दाब आणि थरथर आहे किंवा नाही, मिळून चार गट होतात. घरात दोन डिश असतील तर 'डायसेक' नावाचा छोटा स्विच लागतो. युटेलसॅट या युरोपीय उपग्रह संस्थेने ही पद्धत १९९० च्या दशकात आणली. तीच २२ किलोहर्ट्झची थरथर तुकड्या-तुकड्यांनी पाठवून 'आता दुसऱ्या डिशकडे वळ' असा निरोप त्यात दिला जातो.

आपल्या शरीरातल्या एखाद्या मोठ्या नसेत संवेदना आणणारे आणि स्नायूंना हुकूम देणारे तंतू एकाच जुडीत असतात. कोणते काम थांबले यावरून दुखणे कुठे आहे ते कळते. इथेही तसेच आहे.

खुर्चीत बसून निदान

आधी बॉक्सच्या मेन्यूत जाऊन सिग्नलचे पान उघडा. त्यावर 'स्ट्रेंग्थ' आणि 'क्वालिटी' अशा दोन पट्ट्या असतात. फुकट सेवेच्या बहुतेक बॉक्समध्ये कंप्रतांची यादीही असते आणि प्रत्येकीपुढे इंग्रजी 'व्ही' म्हणजे उभी किंवा 'एच' म्हणजे आडवी असे लिहिलेले असते. चालणारी आणि बंद पडलेली चॅनेल कोणत्या अक्षराची आहेत, ते कागदावर लिहून काढा. एखाद्या सेवेची सगळी चॅनेल एकाच पोलॅरिटीत असतील तर तिथे हे लक्षण दिसणार नाही, हेही ध्यानात असू द्या.

धो धो पावसात सगळेच एकदम गेले, तर तो बिघाड नाही. अडीच सेंटिमीटरच्या लहरी पावसाच्या थेंबांत शोषल्या आणि विखुरल्या जातात. सर ओसरली की चित्र आपोआप परत येते. मार्चच्या पूर्वार्धात आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस, दिवसाच्या ठरावीक वेळी काही मिनिटे सगळे जाते. तेव्हा सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे आलेला असतो आणि त्याचा रेडिओ गोंगाट सिग्नलला झाकून टाकतो. या दोन्ही प्रसंगी डिश हलवणारा माणूस चांगली बसलेली डिश बिघडवतो.

कोरड्या दिवशी सगळी चॅनेल गेली आणि दोन्ही पट्ट्या शून्यावर असल्या, तर वीजच वर जात नसावी. बॉक्समागची पिन सैल आहे का ते पाहा. वायरच्या बाहेरच्या जाळीचा एखादा केसाएवढा धागा मधल्या तांब्याच्या तारेला टेकला तरी शॉर्ट होतो. काही बॉक्स तशी सूचना पडद्यावरच देतात.

फक्त आडवी चॅनेल गेली आणि उभी ठणठणीत आहेत, हा आजच्या विषयाचा मुख्य रुग्ण. याचा अर्थ डिशची दिशा बहुधा बरोबर आहे, नाहीतर उभीही दिसली नसती. १८ व्होल्ट वरपर्यंत पोहोचत नाहीत, असा संशय घ्यावा. शाळेतला ओहमचा नियम आठवा. एलएनबी समजा १५० मिलिअँपिअर प्रवाह घेते आणि गंजलेल्या जोडात २० ओहमचा रोध तयार झाला आहे, तर त्या जोडातच ३ व्होल्ट खर्च होतात. १८ चे १५ झाले की एलएनबी गोंधळते आणि उभ्याच पिनेवर राहते. १३ चे १० झाले तर काही एलएनबी कशाबशा चालत राहतात आणि उभी चॅनेल दिसत राहतात. म्हणून असे दुखणे नेहमी 'निम्म्यावर' येते.

गंज कुठे असतो? पुष्कळदा भिंतीतल्या जोडात, स्प्लिटरमध्ये, किंवा दोन वायरींना हाताने पीळ मारून वर चिकटपट्टी गुंडाळलेली असते तिथे. स्वस्त वायरीत मधली तार पोलादी असून वर नुसता तांब्याचा मुलामा असतो. तिचा रोध शुद्ध तांब्याच्या कित्येक पट असतो आणि मुलामा सोलला की ती लवकर गंजते. हे सारे जमिनीवर उभे राहून तपासता येते. शेजाऱ्यांचा तशाच प्रकारचा बॉक्स दहा मिनिटे जोडून पाहिला की दोष बॉक्सचा की वायरचा, तेही कळते. वायर सोडण्याआधी मात्र बॉक्सचा प्लग बोर्डातून काढायचाच. नुसता रिमोटने बंद केलेला बॉक्स वायरवर वीज सोडत राहू शकतो.

दोन्ही गट कमजोर, क्वालिटीची पट्टी नाचते आणि चित्राचे चौकोन पडतात, अशा वेळी एलएनबी आपल्या कड्यात फिरली असण्याची शक्यता असते. उपग्रह नेमका दक्षिणेला नसेल तर त्याची 'उभी' लहर आपल्याला तिरपी दिसते. डीडी फ्री डिशचा जीसॅट-१५ हा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे, म्हणजे महाराष्ट्रातून आग्नेयेला. निव्वळ भूमितीच्या हिशेबाने पुण्यात हा तिरपेपणा ४५ अंशांच्या आसपास भरतो. एलएनबी त्या कोनात बसवलेली नसेल तर प्रत्येक पिनेत दुसरीचा सिग्नल मिसळतो. हे काम वरचे आहे आणि ते तंत्रज्ञाचे आहे.

दोन टीव्ही, एक डिश

घरात दुसरा टीव्ही आला की बाजारातून साधा स्प्लिटर आणून वायर दुभंगली जाते. मग आजीची मालिका चालू असताना नातवाने क्रिकेट लावले की आजीचे चॅनेल जाते आणि भांडण लागते. एका बॉक्सला १३ व्होल्ट हवेत आणि दुसऱ्याला १८. एक वायर दोन्ही हुकूम एकाच वेळी नेऊ शकत नाही. वीज दोन्हीकडून जाऊ देणाऱ्या स्प्लिटरमध्ये जास्त दाबाचे चालते, म्हणजे १८ वाला जिंकतो. एकाच बाजूने वीज जाऊ देणारा स्प्लिटर असेल तर त्या बाजूचा बॉक्स मालक आणि दुसरा मिंधा.

अशा घरातला आजीचा टीव्ही 'कधी चालतो, कधी नाही' आणि घरचे डिश हलवायला वर चढतात. खात्री करायची तर दुसऱ्या बॉक्सचा प्लग काढून पाहा. आजीची चॅनेल परत आली तर दोष सापडला. उपाय म्हणजे दोन तोंडांची, आतून दोन स्वतंत्र निवडी करणारी एलएनबी आणि प्रत्येक बॉक्सला वेगळी वायर. इमारतीत अनेक घरांना एका डिशवरून द्यायचे असेल तर चारही गट चार वायरींनी खाली आणणारी एलएनबी आणि तिच्याखाली मल्टिस्विच लागतो. तो प्रत्येक बॉक्सचा दाब आणि थरथर ओळखून ज्याला जो गट हवा तो देतो. सोसायटीने एकदा हे करून घेतले तर गच्चीवर डिशचे जंगल होत नाही आणि प्रत्येक बिघाडाला वेगळा माणूस कठड्यावर चढत नाही.

वर जाणे भागच असेल तर

एवढे करूनही काही वेळा बिघाड वरचाच निघतो. तेव्हा काम प्रशिक्षित माणसाकडून करून घ्या, आणि त्यालाही पावसात, अंधारात किंवा 'मॅच सुरू व्हायच्या आत' चढायला लावू नका. पावसाळ्यात गच्चीवर शेवाळ असते. सिमेंटचे पत्रे वरून धड दिसतात आणि पायाखाली फुटतात. साठीच्या पुढच्यांना, रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना बसल्याचे एकदम उठताना चक्कर येऊ शकते. मान मागे टाकून वर पाहिल्यावर भोवळ येणारेही पुष्कळ असतात, आणि डिशकडे पाहताना मान नेमकी तशीच होते.

१३ किंवा १८ व्होल्टने माणूस मरत नाही. पण दोन पिनांच्या प्लगवर चालणाऱ्या बॉक्समधून वायरच्या बाहेरच्या धातूवर थोडी वीज पाझरते. तिचा प्रवाह क्षुल्लक असतो, हाताला झिणझिण्या येतात. जमिनीवर त्याचे काही वाटत नाही, शिडीवर मात्र दचकून हात सुटतो. खराब अ‍ॅडॉप्टर असेल तर ती नुसती झिणझिणी राहत नाही. म्हणून वर जाण्याआधी घरातल्या सगळ्या बॉक्सचे प्लग काढून ठेवावेत.

खरा धोका घराजवळून जाणाऱ्या वीजवाहिनीचा. डिशचा लोखंडी पाइप उभा करताना तो ११ हजार व्होल्टच्या तारेला लागायचीही गरज नसते, फार जवळ गेला तरी वीज झेप घेऊ शकते. तार जवळ असेल तर डिशची जागाच बदला. ढग गडगडू लागले की वर जाऊ नये आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबावे. डिशच्या खांबाचे अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावे.

पडलाच तर

माणूस पायावर पडला आणि 'फक्त टाच दुखतेय' म्हणाला, तरी पाठीचा विचार करा. उंचीवरून टाचेवर आपटलेल्या माणसाच्या टाचेच्या हाडाबरोबर छाती आणि कमर यांच्या सांध्यावरचा मणकाही मोडलेला असू शकतो. त्याला बखोटीला धरून उठवून बसवू नका, पाणी पाजू नका, दुचाकीवर दोघांच्या मध्ये बसवून नेऊ नका. मान, पाठ सरळ ठेवून झोपलेला राहू द्या आणि १०८ ला फोन करा. हलवणे अटळ असेल तर तीन-चार जणांनी मिळून, डोके, खांदे आणि कमर एका रेषेत ठेवून, फळीवर घ्या. डोक्याला मार लागून शुद्ध गेली असेल, वारंवार उलट्या होत असतील किंवा गुंगी वाढत असेल तर वेळ दवडू नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर बरे वाटत असले तरी तपासणी हवीच.

विजेचा धक्का बसलेल्याला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करा. बाहेरची मोठी वाहिनी असेल तर वीज कंपनीने प्रवाह तोडल्याशिवाय जवळ जाऊ नका. वीज बंद झाल्यावर माणूस प्रतिसाद देत नसेल आणि श्वास घेत नसेल, तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या गतीने जोरात दाब द्या आणि मदत येईपर्यंत थांबू नका. शुद्धीवर असलेल्यालाही रुग्णालयात न्या. विजेचा डाग कातडीवर चवलीएवढा दिसतो, आत स्नायू जळलेले असू शकतात आणि हृदयाची लय बिघडलेली असू शकते. ती ईसीजीतच कळते.

पुढच्या वेळी निम्मी चॅनेल गेली की आधी पाऊस पाहा, मग तारीख, मग सिग्नलचे पान. दुसऱ्या टीव्हीचा प्लग काढून पाहा, जोड तपासा, बॉक्स बदलून पाहा. या सगळ्याला अर्धा तास पुरतो. तेवढ्यात उत्तर मिळाले नाही तर तंत्रज्ञाला फोन करा आणि कोणती चॅनेल चालतात, कोणती नाहीत, हे त्याला त्या कागदावरून वाचून दाखवा. नीट सांगितलेल्या लक्षणांवरून डॉक्टरचे जसे निम्मे काम होते, तसे त्याचेही होईल. कोणती डबी आणि किती वायर घेऊन यायची, हे त्याला आधीच कळेल, आणि त्यालाही शिडी एकदाच चढावी लागेल.